नेब्रास्काच्या बाईंची पुण्यतिथी

कॉव्हेंट्रीत राहत असताना मी एका अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंना, त्यांना न विचारता, मारून टाकलं.

(गैरसमज नको. हत्यार बॉलपेन होतं आणि हेतू शैक्षणिक होता.)

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. आमचे हे तिथल्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होते. गार्गी, आमची लेक, दहा वर्षांची होती. आणि मी, सांगलीत सहा वर्षं मराठी शिकवून आलेली बाई, दर रविवारी सकाळी स्काउटांच्या एका लाकडी हॉलमध्ये चौदा मुलांना मराठी शिकवत होते. मुलं चौदा, हीटर एक. त्यामुळे निम्मा वर्ग हीटरजवळ बसण्यावरून भांडत असे आणि उरलेला निम्मा कोट घालून झोपत असे.

मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून पहिल्या वर्षी मी भारतातल्या थोर माणसांची चरित्रं सांगितली. सहाव्या रविवारी एका मुलाने हात वर केला.

"मिस, हे सगळे जेलमध्ये का जातात?"

मी स्वातंत्र्यलढा समजावायला लागले, तेवढ्यात दुसरा म्हणाला, "माझी मम्मी सांगते, जेलमध्ये बॅड पीपल जातात." वर्गात एकमत झालं. पुढच्या आठवड्यात तीन पालकांचे फोन आले.

वर्ग चालवणाऱ्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मुजुमदारकाका यांनी तातडीने बैठक बोलावली. काका मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, शिस्तीचे. मी सुचवलं, मुलं इथेच वाढतायत, तर इथल्या थोर माणसांची चरित्रं सांगावीत. काका ताठ झाले. "वहिनी, ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांचे गोडवे आपण गायचे?" (काकांना इंग्लंडात येऊन तेवीस वर्षं झाली होती आणि त्यांचे गुलाब दरवर्षी इंग्रजांच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेले असत. पण ते असो.) शेवटी काकांनीच तोडगा काढला. "अमेरिकन घ्या. अमेरिकेचं आपल्याशी काही भांडण नाही." अशा रीतीने 'थोर अमेरिकन : बालांसाठी बारा चरित्रे' ही पुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काका तिच्या फोटोकॉपी काढणार होते.

माझी चरित्र लिहिण्याची पद्धत इथे सांगायला हवी, कारण गुन्ह्याचं मूळ तिथे आहे. मी शाळेत वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली मुलगी. थोर माणसाचं चरित्र कसं असतं ते मला पाठ होतं. आधी गरिबी. मग आई. मग दिवा (रस्त्यावरचा असल्यास उत्तम, नाहीतर देवळातला, अगदीच नाइलाज झाला तर शेजाऱ्यांचा). मग लोक हसतात. मग लोक हसायचे थांबतात. आणि शेवटी प्राणज्योत मालवते. एवढं सगळं झाल्याशिवाय माणूस थोर होत नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

अमेरिकनांना मी यातून सूट दिली नाही. लायब्ररीत एक जुना ज्ञानकोश होता, त्यातून जन्मगाव आणि कामगिरी उतरवून घ्यायची आणि उरलेलं घरी येऊन घालायचं. पुस्तिकेतले अमेरिकेचे दोन्ही राष्ट्राध्यक्ष सकाळी उठून आईच्या पाया पडत. विमान उडवणाऱ्या बाईंच्या हातावर त्यांच्या आईने निघताना दही घातलं.

"अमेरिकेत दही?" ह्यांनी वाचून विचारलं.

"दूध आहे ना? मग दही का नसेल?" मी म्हटलं.

अकरा चरित्रं झाली तेव्हा गार्गीने कच्चा खर्डा चाळला. तिच्या मराठीत लिंग-वचन कुठेही जाई, पण ती बोलायची, हेच खूप होतं. "आई, तुझा बुकमध्ये सायंटिस्ट सगळे बॉइज आहेत."

खरंच होते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लायब्ररीत गेले आणि ज्ञानकोशात मला डॉ. मिल्ड्रेड कॅसवेल सापडल्या. सहा ओळी आणि पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो. नेब्रास्कातल्या शेतकऱ्याची मुलगी, गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याचा अभ्यास, तांबेऱ्याला दाद न देणारं वाण. मी तर हरखूनच गेले. नावापुढे कंसात जन्मसाल होतं. जन्मसालापुढे एक आडवी रेघ होती. रेघेपुढे काही नव्हतं.

आज कुणीही शेंबडं पोर मला सांगेल की याचा अर्थ काय. पण मी ज्या पुस्तकांवर वाढले त्यांत थोर माणूस आणि जिवंत माणूस या दोन वेगळ्या जाती होत्या. थोर माणसाचा फोटो भिंतीवर असे, त्याला हार असे, आणि तो खाली उतरून चहा मागत नसे. मी समजले, छापणाऱ्याचा आकडा राहून गेला. बाईंचं वय मोजलं तर ऐंशीच्या पुढे. मी पेन उचललं आणि राहिलेलं काम पूर्ण केलं. नुसतं साल कसं लिहायचं, म्हणून तारीखही घातली. पाच वर्षांपूर्वीची चौदा जून. जूनमध्ये गहू पिवळा असतो, ते दृश्य मला हवं होतं.

"सोनेरी गव्हाच्या शेतात, मावळत्या सूर्याच्या साक्षीने, हाती गव्हाची ओंबी घेऊन डॉ. मिल्ड्रेड यांची प्राणज्योत मालवली. 'माझ्या गव्हाला जपा' हे त्यांचे अखेरचे शब्द होते. त्या संध्याकाळी नेब्रास्कात एकाही घरात चूल पेटली नाही."

हे लिहिताना मी स्वतः रडले. तव्यावरची पोळी करपली तरी मी रडत होते.

वर्गात दर महिन्याला एक थोर अमेरिकन, असा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या पद्धतीने. फोटोकॉपीवर मोठा केलेला फोटो, काचेवर हळदकुंकू, चंदनाच्या पातळ चकत्यांचा हार, समई, उदबत्ती, मुलाचं भाषण. कॅसवेलबाईंचा तिकिटाएवढा फोटो एवढा ताणल्यावर चेहरा काळपटला होता, पण कुंकू लावल्यावर त्या आमच्या सांगलीच्या मुख्याध्यापिकाबाईंसारख्या दिसायला लागल्या. त्यांच्यावर गार्गी बोलली. "तिची मम्मी अकरा माइल्स स्नोमधून चालत आला, तिच्यासाठी भाकरी घेऊन." हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. चूल पेटली नाही, इथवर आल्यावर काकांनी चष्मा काढला, दोन मिनिटं शांतता पाळली आणि मग खिशातली डायरी काढून चौदा जूनच्या पानावर 'पुण्यतिथी' असं लिहिलं. काकांच्या डायरीत एकदा चढलेली तारीख पुसली जात नसे.

आता गार्गीने काय केलं ते सांगते. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

तिच्या शाळेत एक प्रोजेक्ट होतं : मला आदर वाटतो अशी व्यक्ती. टर्म संपताना सगळ्या शाळेसमोर वाचायचं. गार्गीने माझं बारावं चरित्र इंग्रजीत नेलं. (चूल न पेटण्याचं भाषांतर तिने 'नेब्रास्कात कोणीही कुकर ऑन केला नाही' असं केलं होतं.) तिच्या बाईंना ते इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, कॅसवेलबाई ज्या विद्यापीठात होत्या तिथे पत्र लिही, अजून माहिती मिळेल. गार्गीने लिहिलं. तुमच्या बाई पाच वर्षांपूर्वी चौदा जूनला गव्हाच्या शेतात गेल्या त्याबद्दल आम्हाला सर्वांना फार वाईट वाटलं, माझ्या आईने त्यांच्या मृत्यूचं सगळं लिहून ठेवलं आहे, त्यांच्या फॅमिलीला हवं असेल तर सांगा. सोबत हार घातलेल्या फोटोचा फोटो जोडला. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

उत्तर आलं ते सकाळी, शाळेच्या आधी. गार्गीने दाराच्या फटीतून पायपुसण्यावर पडलेलं पाकीट उचललं, फोडलं आणि टेबलापाशी उभी राहून वाचायला लागली. मी तिच्या टोस्टला लोणी लावत होते.

"आई, ती जिवंत आहे."

"कोण?"

"मिल्ड्रेड."

"कुठली मिल्ड्रेड?"

"आपली. डेड मिल्ड्रेड."

माझ्या हातातली सुरी टोस्टच्या पार गेली. गार्गीने पत्र मोठ्याने वाचलं. मजकूर साधारण असा होता : "प्रिय गार्गी, माझ्या निधनाची बातमी मी दोनदा वाचली. त्या दिवशी मी नेमकं काय करत होते ते आठवेना, म्हणून जुनी डायरी काढली. मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. शेतात गेले असते तर बरं झालं असतं. माझी भाची इंग्लंडात असते आणि जूनमध्ये मी तिच्याकडे येणार आहे. तुझी हरकत नसेल तर चौदा तारखेलाच तुला भेटायला येईन. त्या दिवशी मी मोकळीच असणार, असं दिसतं."

ह्यांनी पत्र हातात घेतलं, शांतपणे पुरतं वाचलं आणि चष्मा टेबलावर ठेवला.

"मी सतरा वर्षं लोकांना झोपवतोय," हे म्हणाले. "सगळे उठले. तू एकीलाच झोपवलंस, तीही उठली. म्हणजे घराण्याचं रेकॉर्ड चांगलं आहे."

मी हसले. गार्गी हसली नाही.

"तुला कोणी सांगितला ती मेली?"

"कुणी नाही गं. पुस्तकात एक रेघ होती..."

"मग लास्ट वर्ड्स? ते कोणी ऐकला?"

मी लोण्याकडे पाहिलं.

"आणि स्नो? आणि मम्मी? आणि तो लॅम्प?"

"गार्गी, चरित्र असंच लिहितात. मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून..."

"मग आजी?"

आजी म्हणजे माझी आई. गार्गीच्या जन्माआधी दोन वर्षं गेली. गार्गीकडे तिचं म्हणून काय होतं? एक फोटो, आणि मी सांगितलेल्या गोष्टी. त्यातली तिची लाडकी गोष्ट म्हणजे आजीने हातातल्या पाटल्या मोडून मला कॉलेजला घातलं ती.

"आजीचं सगळं खरं आहे," मी म्हटलं. पाटल्या वरच्या मजल्यावर माझ्या कपाटात होत्या.

त्या दिवसापासून घरात माझं काही चालेना. मी म्हणायची, "छत्री घे, पाऊस आहे." गार्गी खिडकीशी जाऊन बघून यायची. मी म्हणायची, "आज गुरुवार ना?" ती कॅलेंडर पाहायची. एकदा तर मी तिला तिचा स्वतःचा वाढदिवस सांगितला आणि तिने तो बाबांना विचारून पक्का केला. ह्यांना हे सगळं फार विनोदी वाटत होतं. मला नाही. संध्याकाळी स्वयंपाक करताना ती ओट्याशी येऊन "आजीचं सांग" म्हणायची, ते तिने बंद केलं. मला ते फार लागलं. ज्या मुलीला मी एकेक मराठी शब्द गोष्टींतून भरवला होता, तिला आता माझी एकही गोष्ट नको होती.

एकदाच ती आपण होऊन बोलली. "तू क्लासमध्ये सांग. सगळ्यांना. तूच. मी नाही सांगणार."

"सांगते. पुढच्या रविवारी."

असे तीन रविवार गेले. दर वेळी मी काकांच्या समोर जायची, तोंड उघडायची आणि हॉलच्या किल्लीबद्दल विचारून परत यायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात धीर करून फोन केला, तर काकाच आधी बोलले. "वहिनी, चौदा जून रविवारीच आलाय. पुण्यतिथी दणक्यात करू. मी समोशांचं सांगून ठेवलंय."

"काका, त्या दिवशी एक अमेरिकन पाहुण्या येतायत."

"कोण?"

"नेब्रास्काच्याच आहेत. कॅसवेलबाईंना... ओळखतात."

"वा! मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगू."

मी म्हटलं, "बरं." (या एका शब्दाबद्दल मला आजही झोपेत घाम फुटतो.)

मग मी बेत रचला. पाहुण्यांची गाडी साडेअकराला. ह्यांनी त्यांना स्टेशनवरून घरी आणायचं. मी तोवर हॉलवर काकांना बाजूला घेऊन सगळं सांगायचं, हार काढायचा, कुंकू पुसायचं आणि मग सन्मानाने बाईंना आणायचं. बेतात खोट नव्हती. फक्त बाई एक गाडी आधीच्या गाडीने आल्या, स्टेशनवर कुणी दिसेना म्हणून टॅक्सीत बसल्या आणि पत्त्याचा कागद ड्रायव्हरला दिला. गार्गीने पत्रात घराचा आणि हॉलचा, दोन्ही पत्ते लिहिले होते. ड्रायव्हरला हॉल जवळ पडला.

तर दृश्य असं. स्काउटांचा हॉल. समोर टेबलावर समई, उदबत्तीचा धूर, हारातल्या कुंकू लावलेल्या कॅसवेलबाई. चौदा मुलं, वीसेक पालक, सगळे उभे, माना खाली. काका घड्याळ हातात धरून दोन मिनिटं मोजतायत. मी काकांना गाठायला निघालेली, पण काकांनी माझ्या आधी "आता आपण स्तब्ध उभे राहू" म्हटल्यामुळे अर्ध्या वाटेत एका पायावर स्तब्ध. आणि दार उघडलं.

निळं कार्डिगन, हातात काठी, पांढरे केस. मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, पण पाहताक्षणी ओळखलं. चेहरा तोच होता, फक्त स्वच्छ छापलेला. बाईंनी हॉलकडे पाहिलं, उभ्या माणसांकडे पाहिलं, आणि कुणाच्या तरी दुःखात आपला व्यत्यय नको म्हणून दाराशीच थांबून, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घातली.

स्वतःच्या पुण्यतिथीला त्या जवळजवळ दीड मिनिट स्तब्ध उभ्या होत्या.

काकांनी घड्याळ खाली केलं आणि लगबगीने पुढे गेले. "वेलकम, मॅडम, वेलकम. यू न्यू द डिपार्टेड?"

बाईंनी चष्मा सारखा करून टेबलाकडे पाहिलं. फोटो पाहिला. हार पाहिला. बराच वेळ पाहिला.

"ऑल माय लाइफ," त्या म्हणाल्या.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला, त्यांना समोर नेऊन खुर्चीवर बसवलं (फोटोच्या अगदी शेजारी!) आणि पाहुण्या आता दिवंगत थोर विदुषींच्या आठवणी सांगतील असं दोन भाषांत जाहीर केलं. दोन चेहरे शेजारी शेजारी होते आणि वीस सुशिक्षित माणसांपैकी एकालाही काही दिसत नव्हतं. हार घातला की आपण चेहरा पाहतच नाही.

"त्याआधी मला गार्गी कोण ते पाहायचंय," बाई म्हणाल्या.

गार्गी उभी राहिली. पण तिने बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पाऊस आहे म्हटल्यावर ती खिडकीतून जशी बाहेर बघायची, तशी. आता मी गप्प बसले असते तर बाईंनी चार गोड शब्दांत सगळं सावरून नेलं असतं, लोक हसले असते, प्रकरण मिटलं असतं. आणि माझी मुलगी मला कायमची दुरावली असती. मी पुढे गेले.

"ह्या... ह्याच त्या आहेत," मी म्हटलं.

"कोण?" काका.

"कॅसवेलबाई. ह्या गेलेल्या नाहीत. मी मारलं त्यांना. म्हणजे लिहिलं. पुस्तकात नुसती रेघ होती, मला वाटलं आकडा राहिला. तारीख माझी, शेत माझं, शेवटचे शब्दही माझेच. दिवासुद्धा नव्हता. त्यांची आई त्यांचीच आहे, पण बर्फातून चालत आलेली ती मी घातली."

मग मागून एका आईचा बारीक आवाज आला.

"आणि ते विमानवाल्या बाईंचं दही?"

"तेही मीच."

"अहो, माझ्या राहुलने शाळेत सांगितलंय ते. परीक्षेच्या दिवशी तो वर्गशिक्षिकेच्या हातावर योगर्ट घालून आला."

त्यानंतर एकेक बाहेर पडायला लागलं. कुणाचा मुलगा लॅम्पपोस्टखाली बसून होमवर्क करतो म्हणून शेजाऱ्यांनी कौन्सिलला कळवलं होतं. कुणाच्या मुलीने, राष्ट्राध्यक्ष व्हायचं म्हणून, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या लॉलीपॉप लेडीच्या पाया पडून सगळं ट्रॅफिक अडवलं होतं. बारा थोरांपैकी नक्की किती जण गेले आहेत, असा प्रश्न एका वडिलांनी गंभीरपणे विचारला आणि मला त्याचं खात्रीने उत्तर देता आलं नाही. काका मटकन खुर्चीवर बसले. त्यांनी डायरी काढली, पेन काढलं आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "वहिनी, मग तारीख खोडू?"

गार्गीने हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "घाई नको. तारीख चांगली आहे." आणि मग भिंतीवरच्या थोर बाईंनी खाली बसून चहा मागितला.

चहा होईपर्यंत त्यांनी गार्गीकडून आपलं चरित्र ऐकलं. ती एकेक ओळ इंग्रजीत सांगायची, त्या दुरुस्त करायच्या. गरिबी? नव्हती, वडिलांची सहाशे एकर जमीन होती. दिवा? विजेचा, घरचा. लोक हसले? हसायला लोक होतेच कुठे, सगळ्यात जवळचा शेजारी चार मैलांवर. मी समोशांच्या ताटामागे उभी राहून मोजत होते. सहा ओळी सोडल्या तर माझं काही शिल्लक राहत नव्हतं. मग बर्फातून चालत येणारी आई आली तेव्हा बाई म्हणाल्या :

"माझी आई म्हणायची, शिकून काय दिवे लावणार, लग्न कर. मला पदवी मिळाली त्या दिवशीसुद्धा ती आली नाही. ही तुझ्या आईने लिहिलेली बरी वाटते."

"तुम्हाला तुमच्या मम्मीचा राग येतो?" गार्गीने विचारलं.

"येतो. आणि आठवणही येते. दोन्ही खरं आहे. तू कुणाचं लिहिशील तेव्हा दोन्ही लिही."

शेवटी मरण आलं. गार्गीने ते चाचरत सांगितलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, कुकर ऑन न केल्याचं दोनदा सांगायला लावलं आणि म्हणाल्या, "हे मात्र असू द्या. मला स्वतःला यापेक्षा चांगलं जमणार नाही." जाताना हारही मागून घेतला.

घरी आल्यावर गार्गी माझ्या मागोमाग वर आली. कपाटाशी उभी राहिली. "आता आजीचा खरा सांग," म्हणाली.

मी पाटल्या काढून तिच्या हातात दिल्या. आजीने त्या कधीच मोडल्या नव्हत्या. आजीला दुपारी शेजारणींबरोबर पत्ते खेळायचे असत आणि मी घरात असले की मध्ये मध्ये बोलत असे, म्हणून तिने मला कॉलेजात घातलं. मी भाषणाची तयारी करायला लागले की ती म्हणायची, "परसात जाऊन काय ते ओरड, माझं डोकं उठतं." मी पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा तिने पान टाकता टाकता विचारलं, "म्हणजे आता अजून शिकणार ना? बरं झालं." आणि तरीही मी लग्न होऊन इकडे यायला निघाले तेव्हा तिने पत्त्यांचा डाव अर्धा टाकला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि हातातल्या पाटल्या काढून माझ्या हातात घातल्या.

गार्गी खदखदून हसत होती, मग एकदम थांबली. "आजी फनी होता," ती म्हणाली. "ही आजी बेटर आहे. अजून सांग." मी सांगत राहिले. इतकी वर्षं मी कुठल्या तरी चरित्रातल्या बाईसाठी रडत होते, माझ्या आईची आठवण मला त्या दिवशी आली.

टर्मच्या शेवटी शाळेच्या हॉलमध्ये मी आणि हे लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. कॅसवेलबाईंचं प्रोजेक्ट गार्गीने बाद केलं होतं. नवी व्यक्ती कोण, ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ती स्टेजवर आली, कागद उघडला आणि तीनशे मुलांसमोर, सगळ्या शिक्षकांसमोर, खणखणीत इंग्रजीत वाचायला लागली :

"मला माझ्या आईबद्दल आदर वाटतो. ती खोटं बोलते, पण पकडली की सगळ्यांसमोर कबूल करते. ती अजून जिवंत आहे. मी आज सकाळी खात्री करून घेतली."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. शेजारून ह्यांनी माझं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहत नाडी मोजली आणि हळूच म्हणाले, "बरोबर आहे तिचं."